कुटुंबप्रमुख

दत्तवाडी, शाळेमागची गल्ली.
खडूने दारावर आकडा टाकते,
विचारते, घरात माणसं किती?

"चार," पाटोळेबाई म्हणतात. मग बोटं पुन्हा मोजतात:
"दीर धरायचा का? तो नुसता जेवायला असतो."

वरच्या मजल्यावर उदगीरची सहा पोरं.
कुटुंबप्रमुख कोण?
एकमेकांकडे बघून फिस्सकन हसतात.
ज्याच्या नावावर सिलिंडर, तो,
असं शेवटी ठरतं.

पत्र्याच्या खोलीत रामाशीष आणि त्याचा मेहुणा,
एकाला रात्रपाळी, दुसऱ्याला दिवसाची.
खाट एकच,
अंथरूण गार म्हणून होत नाही.
समासात लिहिते तेवढं. मग खोडते,
साहेबांनी बजावलंय.

दिवेलागणीला जिना चढून येते
तर माझ्याच दारावर दुसऱ्या कुणाचा खडू:
बंद. पुन्हा येणे.