याय कुंबाची बाराखडी

सेनेगल नदी जिथं समुद्राला मिळते
त्या सें-लुईच्या मासळीबाजारामागं माझं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग
आणि भिजलेल्या फोनांसाठी तांदळाचा डबा.

याय कुंबानं फोन टेबलावर ठेवला.
याय म्हणजे आई. सगळेच तिला तसं म्हणतात,
उधारी थकलेले जरा जास्तच मायेनं.
"ह्या जुन्यातलं सगळं नव्यात घाल," ती म्हणाली,
"एकही माणूस सांडू नकोस."

मागून उघडला तर आत खवले,
खाऱ्या हवेनं हिरवं पडलेलं तांबं.
दोन तास घासलं, फुंकलं, शिव्या दिल्या,
तेव्हा कुठं पडदा उजळला.

एकशे त्रेचाळीस नंबर.
आणि नाव एकाचंही नाही.
कात्री. हत्ती. छत्री. रडणारं तोंड.
तीन मिरच्या. एक मिरची.
मला वाटलं, नातवंडांनी खेळून वाट लावली.

"खेळ?" ती स्टूल ओढून बसली.
"शाळेचं तोंड पाहिलं नाही
म्हणून माणसं ओळखायची नाहीत होय?"
हत्ती म्हणजे बर्फवाला, काही विसरत नाही, पैसे तर नाहीच.
छत्री, पावत्या फाडणारा कारकून; त्याला ऊन चावतं.
तीन मिरच्या थोरली सून. एक मिरची धाकटी,
"अजून नवी आहे."
हिशेब सगळा आवाजात. रोज रात्री
ती स्वतःलाच निरोप धाडते:
कात्रीकडे दोन पेट्या, रडक्यानं आजही रडूनच नेलं.
सकाळी फोन कानाला लावते
आणि स्वतःलाच म्हणते, "हो, हो, कळलं."

मी भराभर उतरवत होतो.
एका जागी बोट थांबलं.
चंद्र, आणि चंद्राला खेटून भुईमुगाची शेंग.

ती जरा वेळ होड्यांकडे बघत राहिली.
"चंद्र म्हणजे मोमार, माझा मधला.
रात्रीच्या जाळ्याला गेला, त्याला चार वर्षं.
मी नंबर लावत राहिले. नुसतं ऐकायला,
की ती बाई म्हणते, उपलब्ध नाही.
दीड वर्षानं कुणीतरी उचलला.
कावलाकचा माणूस. शेंगा विकतो.
कंपनीनं नंबर त्याला देऊन टाकलेला.
आधी तो चिडला. मग मी रडले.
मग त्यानं विचारलं,
तुमच्याकडं आज मासळी काय भाव?"

आता दर शुक्रवारी बोलतात.
हिची सुकी मासळी बसच्या टपावरून तिकडं जाते,
पोतंभर शेंगा इकडं येतात.

"चंद्र काढून टाकू?" मी विचारलं. माझा मूर्खपणा.
"नंबर एकच आहे ना," ती म्हणाली.
"मग राहू देत दोघं."

पैसे मोजून झाले तेव्हा न राहवून म्हटलं,
"याय, ह्यात मी कोणता?"
अंगठ्यानं यादी खाली, खाली, अगदी तळाला.
गोगलगाय.

मी म्हणणारच होतो, कव्हर उद्या बसवतो.
तोंड मिटलं. दिवा जवळ ओढला.
ती तिथंच बसली, एक शेंग फोडून
दाणे माझ्यापुढं सरकवत.