जामीन

नवा कन्सोल आला, पांढरा, उभा,
विक्रोळीच्या होर्डिंगवरच्या टॉवरसारखा.
स्टिअरिंग मात्र जुनंच. नऊ वर्षांचं,
पहिल्या बोनसचं,
घड्याळातल्या दहा आणि दोनपाशी
कातडं झिजून चकाकलेलं.
आईच्या शिलाई मशिनच्या टेबलाला
मी ते आवळून बसवतो.
चाक आणि पायडल
त्या टेबलाला माझ्या जन्माआधीपासून आहेतच.

वायर खोचली.
स्टिअरिंग आपणहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे
फिरून आलं,
झोपेतून उठून कुणी मान मोडावी तसं.
आणि पडद्यावर:
हे उपकरण ओळखता आले नाही.

अण्णा चहा फुंकत म्हणाले, "बिघडलं?"
नाही. मोटर चालते, गिअर पडतो,
ब्रेक तर पूर्वीपेक्षा कडक.
फक्त हा ओळख देत नाही.
"मग डोळे तपासून घ्यायला सांग त्याला,"
म्हणाले, आणि बशी ठेवण्याआधी
टेबलाची कड बोटांनी चाचपली.

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या गाळ्यात
हातिमभाईंनी स्टिअरिंग मांडीवर घेतलं,
तान्हं बाळ घ्यावं तसं.
"माल अस्सल आहे. पण सही जुनी.
नवी पेटी जुनी सही मानत नाही."
मग काडेपेटीएवढा एक काळा डबा.
"हा मधे लावा. चालेल.
पण दर आठ मिनिटांनी पेटी परत विचारणार,
कोण रे तू?
म्हणून पेटीबरोबर आलेला कंट्रोलर
ह्याच्या पोटात खोचून ठेवायचा.
त्याने खेळायचं नाही.
तो फक्त जामीन."
साडेबाराशे. बिल नाही.
गॅरंटी गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत.

अण्णांनी अठ्ठावीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला.
पहाटे तीनला भरायचा,
आणि चेंबूरच्या ज्या गल्लीत रिक्षा वळत नाही
तिथे दहा हजार लिटर उलटे न्यायचे,
आरशात बघून कमी,
पाण्याच्या हेलकाव्यावरून जास्त.
वडाळ्याच्या आरटीओत
तक्त्यावरची चौथी ओळ
त्यांना ओळखता आली नाही.
मी कारकुनाला विचारलं, मी सही दिली तर?
तो हसला. वाईट नव्हता हसला.

रात्री डबा लावला. कंट्रोलर खोचला.
पडद्यावर हिरवी खूण.
"बसा," मी म्हटलं.
अण्णांनी आधी खुर्ची पुढे घेतली, मग मागे,
नसलेला आरसा नीट केला,
आणि तीनशेच्या वेगाची ती लाल गाडी
पस्तीसवर काढली.
मागून येणारे सगळे पुढे गेले,
एक तर घासूनच गेला.
"जाऊ दे," अण्णा म्हणाले, "रिकामे आहेत ते."
वळण आलं. उजवा हात खिडकीबाहेर काढला,
तो आईच्या कॅलेंडरला लागला.
"पुढे खडी आहे," म्हणाले.
मला दिसली नव्हती.
मग दिसली.
"हाताला येतं रे. हे चाक बोलतं."

मी डावीकडे स्टुलावर बसलो,
जिथे कधीकाळी बसायचा त्यांचा क्लीनर, लहू.
"येऊ दे," मी म्हणालो. "येऊ दे. डावी मोकळी."
सहावं मिनिट गेलं. सातवं.
आठव्याला मी श्वास धरला.
पेटीने विचारलं असणार काहीतरी,
कंट्रोलरने उत्तर दिलं असणार.
गाडीला धक्कासुद्धा बसला नाही.

शेवटून पहिले आलो.
अण्णांनी रस्ता सोडून गाडी बाजूला घेतली,
गिअर काढला,
आणि नसलेल्या हँडब्रेकसाठी
हात खाली नेला,
तो माझ्या गुडघ्याला लागला.
ओढला त्यांनी.

टेबलाखाली कंट्रोलर पडून होता,
बोट न लागलेला,
एक बारीक दिवा चालू.