दोन ते आठ अंश

मागच्या सीटवर लशीचा डबा.
त्यात बर्फाच्या विटा, विटांच्या मध्ये खुरकुतीची लस,
दोन ते आठ अंशांत जपलेली.
त्याच्या वर गेली की आम्ही म्हणतो, नुसतं पाणी झालं.
आणि पुढं, माझ्या गुडघ्यांसमोर,
लिलावात घेतलेल्या जीपचं इंजिन
पळसखोरी तांड्याच्या चढाला दरवेळी उकळायचं.

चढ तसा लांब नाही.
धारूरचा घाट सुटला की डावीकडं
दगडांचा कोरडा ओढा, त्यालाच रस्ता म्हणायचं.
लो गिअर, चारी चाकं, माणसाच्या चालीनं.
इंजिन जीव तोडून राबतं. आणि वारा?
वारा लागायला गाडी पळावी लागते.

गेल्या वैशाखात काटा लालात गेला,
बॉनेटखालून वाफ, माझा कॅन रिकामा.
हेमलीबाई घरातून कळशी घेऊन आली.
टँकर येऊन सहा दिवस झालेले.
मी नको म्हणाले. नीट म्हणाले नाही.
"कुठं ओतू, माय?" तिनं विचारलं,
आणि तिच्या घरचं प्यायचं पाणी
माझा रेडिएटर दोन घोटांत प्याला,
वर ढेकर दिला.
तेव्हापासून "नुसतं पाणी" हे शब्द
मी जरा जपून वापरते.

माजलगावच्या इसाकभाईनं
तांब्याचा चार ओळींचा रेडिएटर बांधला.
"टाकी जुन्या ट्रॅक्टरची हाय, ताई,
पण डाग माझा हाय."
पंखा भंगारातल्या व्हॅनचा.
त्याचं आवरण तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचं,
पत्रा कापला, बोट कापलं, पुन्हा पत्रा कापला.
आतल्या अंगाला सूर्यफूल अजून तसंच.
आवरण लागतंच. हवा आळशी असते,
कडेनं वाट दिसली की जाळीतून जात नाही.

सासूबाई निंबाखाली ज्वारी पाखडत होत्या.
"घरातला कूलर बंद पडलाय दोन महिने,
अन् पंखा जीपीला!"
खरं होतं. मी पाना मागितला.
त्यांनी बसल्या जागेवरून बरोबर चौदाचा दिला.

रिले, तीसचा फ्यूज, हेडमध्ये सेन्सर.
पहिल्यांदा वायर उलटी लागली,
पंखा उलटा फिरला, सगळी धूळ माझ्या तोंडावर.
शिवकांता हसता हसता खाली बसली,
मग तिनंच वायर बदलली.
बॉनेटला ग्राइंडरनं सहा चिरा पाडल्या.
पहिली वाकडी गेली. ती वाकडीच राहील.

पुढची चाकं दगडांवर चढवून
झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं.
हिरवं कूलंट, डिस्टिल्ड पाणी, निम्मं निम्मं.
आत अडकलेली हवा
बुडबुड्या-बुडबुड्यानं वर येत राहिली.
आम्ही तिघी वाकून बघत होतो.
आता संपली वाटलं.
मग आणखी एक आला.

परवा गेले.
बाहेर बेचाळीस, मागं डब्यात पाच.
दुसऱ्या वळणाला पंखा आपसूक घुमला,
काटा मध्यावर आला, पुढं सरकला,
मी श्वास धरला,
तो तिथंच थांबला.

हेमलीबाई वळणावर उभी, कडेवर कळशी.
आवाज ऐकून आली असणार.
मी किल्ली फिरवली. पंखा फिरतच राहिला.
"बंद केलीस ना? मग हे कोण फिरतंय?"
"निवतोय," मी म्हणाले.
"आज तहान नाय तिला?"
"नाय."
"बरं झालं," म्हणाली,
पण कळशी खाली ठेवली नाही,
माझ्यापुढंच धरली.
मी ओंजळीनं प्याले. पाणी गार होतं.

मी वीस लिटरचा कॅन भरून आणला होता,
परत द्यायला म्हणून.
तिनं झाकण काढून हुंगलं.
"पाणी काय परत करत्यात व्हय?"
आणि अख्खा कॅन टोपल्यात उपडा करून
नुकत्याच टोचलेल्या म्हशीपुढं सरकवला.
म्हशीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.