पट्टा शेवटपर्यंत ओढून

पाणीपट्टीच्या बिलामागे मी उभी रेघ मारली.
डावीकडे पेट्रोल, उजवीकडे वीज.
डावीकडे: नऊ वर्षांची, राखाडी, दोन मालक,
एक लाख पासष्ट. टायर बरे.
एसी घसा खाकरून सुरू होतो.
उजवीकडे: दीड वर्षाची, उंच,
साडेअकरा लाख,
आणि आवाज म्हणून काही नाहीच.

श्रीरंग उजवीकडच्या गाडीत जाऊन बसला
तो बाहेर येईना.
छत उघडत होतं, मिटत होतं,
पडद्यावर अख्खं बडोदं निळं होऊन पसरलेलं,
सुरसागर नखाएवढा.

"बेन, एक रुपियामां किलोमीटर," जिगरभाई म्हणाले,
"पेट्रोल तो सात रुपिया खाई जाय."
हे गणित मला कळतं.
अठ्ठावीस वर्षं पतपेढीत लोकांचे हप्ते मोजले आहेत.
पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर,
आणि सोसायटीचे सेक्रेटरी पंचालकाका
जिन्यातला दिवासुद्धा नऊला बंद करतात.
काल श्रीरंगनं गॅलरीतून कपड्यांची दोरी खाली सोडली,
गाठी मोजल्या, म्हणाला, "वायर पोचेल."
खालच्या गायत्रीबेननी डोकं बाहेर काढून विचारलं,
भाजी मागवलीत का?

मी डावीकडच्या गाडीपाशी गेले.
दार दोनदा ओढावं लागलं.
आत खोबरेल, आणि कुणाच्या तरी
कित्येक गुरुवारांची उदबत्ती.
सीटखाली पेनाचं टोपण, एक टिकली.

पुरानंतर या शहरात गाडी घेताना
बोनेट आधी कुणी उघडत नाही.
पट्टा ओढतात,
शेवटपर्यंत,
जिथवर कुठलंच पोट कधी पोचत नाही
तिथवर.
मी ओढला.
वीतभर स्वच्छ, हातभर स्वच्छ,
आणि मग आली ती कडक, खाकी रेघ,
विश्वामित्रीची.

तो रंग मी ओळखते.
समा रोडच्या तळमजल्यावर आमचा फ्रिज
आडवा तरंगत होता, दार उघडं,
आत कैरीचं लोणचं, झाकण घट्ट.
म्हणून तर तिसरा मजला.

जिगरभाईंनी मान वळवून
रस्त्यावरची एक म्हैस नीट पाहिली.
मग म्हणाले, "वीस हजार कम."
"चाळीस," मी म्हणाले.
मी भावनेत वाहून जाणारी बाई नाही.
वायरिंग आतून कुजतं, मला ठाऊक आहे.
पण तो फ्रिजही आम्ही पुसला, उन्हात ठेवला
आणि पुढे अकरा वर्षं चालवला.

तिकडून श्रीरंगनं हॉर्न दिला,
"अगं, ही दीड फूट पाण्यातून जाते म्हणे!"
जाईल.
अजून गेलेली नाही.

बिलावर उजवीकडे सतरा ओळी भरल्या होत्या.
डावीकडे पाच.
सहावी लिहिली: बुडून आली आहे.
गुण की दोष, ते लिहिलं नाही.

परतताना स्कूटरवर दोघंही गप्प.
काळ्या घोड्याच्या सिग्नलला तो म्हणाला,
"वायरचं पंचालकाकांना विचारून तरी बघू."
माझ्या नखात ती खाकी अजून होती.
म्हटलं, "आधी मेकॅनिकला."