मंगळवारी, बोपदेवमार्गे

ठरलं होतं नऊला, निघालो साडेदहाला,
कारण वासंतीला हेल्मेटखाली बांधायचा रुमाल सापडेना
आणि मलाही घाई नव्हती.
कोंढवा संपता संपत नाही:
फरशीची दुकानं, प्लायवूड, पाण्याचे टँकर,
अर्धवट इमारतींवर हिरवी जाळी.
मग एकाएकी वळण, आणि रस्ता वर बघायला लागतो.
स्कूटर धापा टाकत चढली.
आम्ही तिला चुचकारत होतो, म्हशीला चुचकारावं तसं.

घाटमाथ्यावर थांबलो.
दिसायचं ते पुणं दिसलं नाही.
खाली नुसतं धुरकट ताक,
त्यात एखादी उंच इमारत, कुणी रवी विसरल्यासारखी.
कणीसवाला म्हणाला, "सांच्याला या, तवा दिसंल."
कणीस मात्र खाल्लं. तिखट जास्त.

चांबळीच्या अलीकडे निवृत्ती कामठ्यांचा मळा.
वासंतीच्या ऑफिसातल्या शिपायाचे हे मेहुणे.
एवढ्याशा ओळखीवर त्यांनी बांधाबांधानं सगळं दाखवलं,
जणू आम्ही विकत घ्यायला आलोय.
नाही, जणू स्थळ बघायला आलोय.
वाटाणा तोडणीला आला होता.
बायका ओणव्या, बोलणं अखंड,
हात बोलण्याकडे लक्ष न देता चाललेले.
आम्हीही बसलो.
अर्ध्या तासात माझ्या पाटीचा तळसुद्धा झाकला नाही;
निम्म्या शेंगा तिथंच फोडून खाल्ल्या.

अंजिराच्या झाडाखाली वाकूनच जावं लागतं.
"पिकलेलं फळ मान टाकतं," निवृत्तीभाऊ म्हणाले,
"ताठ आसंल ते सोडा, त्याचं आजून काय म्हणणं आसंल."
मी एकाशी घाई केली.
देठातून पांढरा चीक आला,
बोटं दिवसभर खाजत राहिली.

विहिरीच्या कठड्यावर चहा, गुळाचा, कोरा.
मालनबाईंनी अंजिरं भरायला खोकी काढली
आणि विचारलं,
"तुमी दोघी कोण लागता एकमेकींच्या?"

"ही वहिनी," वासंती म्हणाली.
"मैत्रिणी," मी म्हणाले.
एकाच वेळी.

तिच्या भावाचं आडनाव
मी चार वर्षांपूर्वी कोर्टात ठेवून आले.
ती मात्र येतच राहिली,
कधी मेतकूट घेऊन,
कधी लाइट बिल भरायचं राहिलं का बघायला.
याला मराठीत शब्द असेल.
आम्हाला काही सुचला नाही.
तेवढ्यात मोटार चालू झाली,
पाटात पाणी आलं, पाचोळा पुढे ढकलत
एका वाफ्यातून दुसऱ्यात वळलं.
मालनबाईंनी जरा वाट बघितली.
"ते आसू द्या," म्हणाल्या,
"खोकं येक बांधू का दोन?"
"एकच," म्हणालो दोघी.

त्यांचा नातू सकाळपासून मागं मागं होता.
त्यानं आता धीर करून विचारलं,
तुमचं शेत कुठंय?
वासंतीनं सांगितलं, खिडकीत.
कढीपत्ता आहे, आणि एक मिरची, तिला फूल येतं, मिरची येत नाही.
तो गंभीरपणे म्हणाला,
"मावा पडला आसंल. ताक फवारा."

मग चिंचेखाली सतरंजीवर
अशी झोप लागली
की उठल्यावर वार आठवेना.

परतताना माथ्यावर थांबलो पुन्हा.
ताक निवळलं होतं.
दिवे लागत होते, आधी रस्त्यांचे, मग घरांचे,
आणि विमानतळाकडे एक हिरवट ठिपका सारखा उघडझाप करत होता.
ती म्हणाली, ते बघ आमचं.
मी म्हणाले, तो तर हडपसरचा पूल.
मग मी माझं दाखवलं, तेही कुठलं तरी गोदाम निघालं असणार.
कणीसवाल्याला विचारलं.
त्याला आमची घरं माहीत नव्हती,
पण आम्ही परत आलो याचा त्याला आनंद झालेला दिसला.
या खेपेला तिखट बेतानं लावलं.

खोकं माझ्या पायांशी.
कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवायचं यावरून
उतारावर वाद सुरू झाला:
तिचा लहान, माझा गळका.
कोंढव्याच्या सिग्नलला
तो अजून चालूच होता,
आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.