पाच लिरा

पहिली काही वर्षं मी काहीच सोडलं नाही.
बंदरातल्या क्रेनवरून उतरायचो
ते थेट खलाशांच्या खानावळीत.
ग्रीक, तुर्की, कुठल्या कुठल्या राजांची डोकी
बिअरच्या एका ग्लासाला मूठभर.
ट्रिएस्टेत राज्यं बदलतात, चिल्लर मागे राहते.
जुन्या कोटाच्या अस्तरात एखादा क्रॉइत्सर लागायचा हाताला
आणि वाटायचं, सम्राट माझ्या खिशात आहे.
सात बरण्या भरल्या.
बोरा सुटला की खिडक्यांबरोबर त्याही थरथरायच्या.
नेरीना म्हणायची,
उथळ पाणी रे तुझं, नुसता खळखळाट.

मग भिंग आलं,
आणि भिंगामागून तक्रारी.
राणीच्या गालावर ओरखडा.
कडेला कानस फिरल्याची खूण.
कुणा गृहिणीनं हौसेनं सोडा लावून
लख्ख केलेली, म्हणजे मेलेली, चांदी.
तिसऱ्या रविवारच्या बाजारात एजिदियो सांगायचा,
पुसलेलं नाणं म्हणजे फितवलेला साक्षीदार.
मी मान डोलवायचो. घरी येऊन
घेवडा निवडावा तसा टेबलावर निवडत बसायचो,
फक्त टाकायचा ढीग मोठा होत गेला.

बरण्या गेल्या. एकेक, काट्यावर, किलोच्या भावानं.
एजिदियोनं वजनातून काचेचं वजन वजा केलं,
मला ते फार प्रामाणिक वाटलं.

एका थालरसाठी अकरा वर्षं थांबलो.
मागाहून पाडलेला नव्हे, त्याच काळातला.
आला तेव्हा तासभर तळहातावर धरला,
गार होता, मग गार राहिला नाही.
आणि परत ठेवला.
केसांच्या बटेपाशी काहीतरी अडत होतं.
रिकाम्या हातांनी घरी आलो, चेहरा मात्र
घबाड मिळाल्यासारखा.
नेरीना म्हणाली, नाही म्हणायला पैसे पडत नाहीत ना,
म्हणून तुला ते जमतं.

आता एक खण. हिरवं फेल्ट. तेवीस नाणी.
एकालाही नाव ठेवून दाखवा.

परवा पाव कापता कापता ती म्हणाली,
ते आपलं पाच लिरांचं कुठे असतं रे?

धक्क्याच्या टोकाला उभे होतो आम्ही,
पंचावन्न सालचा वसंत,
तिचा भाऊ ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर चढून गेलेला.
डॉल्फिन पडला तर आपणही जायचं,
सुकाणू पडलं तर इथंच.
ॲल्युमिनियमचं हलकं पोर, वाऱ्यानं वाहून नेता नेता राहिलं.
सुकाणू.
घरी आल्यावर तिनं ते बरणीत टाकलं :
घे, तुझ्या राजांना शेजार.

आहे कुठेतरी, म्हणालो मी.
तिनं पाव माझ्या ताटात ठेवला.

कुठल्या बरणीत होतं तेही आठवत नाही.
टांकसाळीची चिन्हं मला झोपेतही ओळखू येतात,
पण त्या नाण्याची एकसुद्धा खूण मी पाहिली नव्हती.
पाहत होतो तिच्या अंगठ्याकडे.

आता दर तिसऱ्या रविवारी
एजिदियोच्या भंगार पेटीत हात घालतो,
पाचशे लिरांना मूठभर.
डॉल्फिन, डॉल्फिन, सुकाणू, डॉल्फिन.
त्यातला कुठलाही नेला तर तिला चालेल बहुधा.
मलाच चालत नाही,
सवय लागलीय.

छप्पन सालचा शोधतोयस ना, लबाडा?
एजिदियो डोळा मारतो.
दुर्मीळ आहे छप्पन सालचा, सगळे त्याच्याच मागे.
आमचं उडवलं तेव्हा छप्पन साल उजाडायचं होतं.

हो, म्हणतो मी,
आणि बाही कोपरापर्यंत वर सारतो.