रिकामं म्हणजे फुकट नव्हे

ओउलूत जानेवारीत तीनलाच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर मी आणि एक वाक्य
सकाळपासून एकमेकांकडे बघत बसलो आहोत:
"हे साधन क्लाउडच्या किमती आणते."

पाच शब्द. एकही खोटा नाही.
तरी याच वाक्याच्या भरवशावर
केमीच्या तैस्तो ओल्लिलाचा मासळीचा सगळा हिशेब
गेल्या महिन्यात सिंगापूरला जाऊन बसला.
बिल आलं तेव्हा तो ओरडला नाही.
फोनवर एवढंच म्हणाला,
"माझ्या माशांना इतकं फिरायची हौस नव्हती."

एजंटची नोंदवही मी ओळीओळीने वाचली.
एकीकडून त्याला तासाचा दर मिळाला,
दुसरीकडून महिन्याचा.
त्याने दोन्ही आकडे शेजारी मांडले
आणि लहान तो स्वस्त ठरवला.
तिसरीकडून काहीच आलं नाही,
तर तिथलं साठवणीचं भाडं शून्य धरलं.
रिकाम्या हाताला त्याने दान समजलं.

पिर्क्को म्हणते, मोठं मॉडेल घेऊ.
घेऊ.
पण मोघम पत्ता दिला की मोठा माणूसही चुकतो,
फक्त मोठ्या आत्मविश्वासाने.

इनारीच्याही वर, रानात, एक झोपडी होती,
कुलूप नसलेली, येईल त्याची.
बाबा वर्षातून दोनदा जाऊन सरपण रचायचे
आणि चुलीच्या वर एक पुठ्ठा ठोकायचे.
"ही चूल आहे" असं त्यावर नसायचं.
गारठून आलेल्याला चूल दिसतेच.
असायचं ते हे:

आधी धुराड्याची झडप उघडा. दांडा आडवा म्हणजे बंद.
बर्चची साल डाव्या पेटीत, कोरडी.
निखारे लाल असेपर्यंत झडप लावू नका.
डोकं दुखू लागलं तर आधी बाहेर पडा, कारण मग शोधा.
पाणी ओढ्याचं. तळ्याचं नाही.

मी नऊ वर्षांची. म्हटलं, एवढं कशाला लिहायचं,
अडलं तर लोक विचारतील की.
बाबांनी तोंडातला खिळा काढला.
"कुणाला?"

एका वसंतात त्या पुठ्ठ्यावर
कुणाचं तरी अनोळखी अक्षर होतं, कोळशाने लिहिलेलं:
झडप अडकते. डावीकडून ठोसा द्या.
बाबा रागावतील असं मला वाटलं.
त्यांनी ती ओळ नव्या पुठ्ठ्यावर
सगळ्यात वर उतरवून घेतली.

मी पाचही शब्द खोडते. लिहिते:

एका पुरवठादाराचा, एका प्रदेशातला,
एकाच प्रकारच्या यंत्राचा दर देते.
दर ताशी, युरोत, कर सोडून.
महिन्याच्या दराशी ताडायचा तर सातशे तीसने गुणा.
बाहेर जाणाऱ्या डेटाचं भाडं यात नाही;
त्याचं साधन वेगळं, नाव खाली दिलं आहे.
प्रदेश ठाऊक नसेल तर अंदाज बांधू नका, माणसाला विचारा.
उत्तर रिकामं आलं तर दर कळला नाही, इतकंच समजा.
रिकामं म्हणजे फुकट नव्हे.

पिर्क्को खांद्यावरून वाचते. "रुक्ष आहे गं."
आहेच.
यात नाही-नाहीच जास्त आहे,
आणि त्या प्रत्येक नाहीला
कुणीतरी आधी ठेचकाळलेलं आहे.

तैस्तोचा तोच प्रश्न मी पुन्हा सोडते.
एजंट या वेळी धावत सुटत नाही.
क्षणभर थांबून विचारतो:
"तुमचे गिऱ्हाईक कुठल्या देशात आहेत?"

मी खुर्चीत मागे रेलते. कॉफी कधीच थंड झाली.
खाली कुणीतरी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडतंय.

अजून एक्केचाळीस साधनं बाकी आहेत.
पुढचं उघडते. त्यावर लिहिलंय,
माझ्याच अक्षरात म्हणावं इतकं माझं:
"उपयुक्त माहिती पुरवते."

कुणाला?